सातव्या होलमागचं जळकं गवत

१

सातव्या होलमागचं गवत जळालं, गवताच्या रोपांचे वाफे जळाले, अवजारांची शेड अर्धी जळाली आणि हे सगळं विझवताना माळ्याचे दोन्ही हात भाजले. तरी गोल्फ क्लबच्या बैठकीत 'आग विझवली कुणी' असं कुणी विचारलं नाही. 'लावली कुणी' एवढंच ज्याला त्याला हवं होतं.

कोरड्या हंगामात मैदानावर सिगारेट ओढायला सक्त मनाई होती. तो ठराव छातीच्या डॉक्टरांनी मांडलेला, सर्वांनी टाळ्या वाजवून मंजूर केलेला, आणि निम्म्या सभासदांनी दुसऱ्याच दिवशी मोडलेला. पण ओठात एक आणि पोटात एक, ही तर बैठकांची जुनी रीत.

"शेड माळ्याची, किल्ली माळ्याकडे," सेक्रेटरी म्हणाले. "त्याला ओढताना कुणी पाहिलंय का?"

कोपऱ्यातून मोठ्या बाई बोलल्या. बाई म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दर रविवारी सकाळी त्या क्लबवर लहान मुलांना गोल्फ शिकवत. टेबलाभोवतीचे बरेच जण त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे बाईंचा शब्द पडला की मोठमोठी माणसं आपोआप ताठ बसत.

"ओढताना नाही पाहिलं," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या कपड्यांना तंबाखूचा वास येतो. नेहमीच येतो."

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. वास येतच होता. पण तेवढ्या एका वाक्यावर ठरलं, की महिनाअखेर माळ्याने काम सोडायचं आणि मैदानाच्या कडेची खोलीही रिकामी करायची.

बैठक संपल्यावर पुढच्या रविवारी मुलांना त्या बाजूला नेता येईल का, हे पाहायला बाई सातव्या होलकडे गेल्या. अर्ध्या जळलेल्या शेडच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. झाकण उघडताच तोच ओळखीचा वास नाकात शिरला. डबा सिगारेटच्या थोटकांनी भरलेला होता.

'हं,' बाईंना वाटलं, 'म्हणजे माझं बरोबरच होतं.'

मग शाळेतल्या सवयीने त्यांनी थोटकं वर्तमानपत्रावर ओतली आणि बोटाने वेगवेगळी केली. पांढरी, तपकिरी, बारीक, जाड, सोनेरी पट्ट्याची. एक चघळलेला सिगार. आणि तीन-चारांवर लालभडक लिपस्टिक.

लिपस्टिक लावून माळी सिगारेट ओढतो?

बाईंनी थोटकं परत डब्यात भरली आणि माळ्याच्या खोलीची वाट धरली.

२

माळ्याच्या खोलीत सामान बांधायला सुरुवात झाली होती. भांडी पोत्यात गेली होती. माळी खाटेवर बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. बाई दारात दिसताच तो उठायला लागला.

"बसा, माळीदादा. हा डबा तुमचा?"

"माझाच, बाई."

"आणि आतलं?"

"आतलं माझं नाही." तो खाली बघत राहिला. "मी ओढत नाही. लोक गवतात टाकतात, मी फिरून वेचतो. एवढं वाळलेलं रान, एखादं जरी धुमसत राहिलं तर? डबा भरला की खड्ड्यात पुरतो. दिवसभर जवळ असतो, म्हणून वास लागतो अंगाला."

"मग बैठकीआधी सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू? मग विचारणार, कुणाकुणाची आहेत? साहेब लोकांची नावं मी घेऊ? बंदी त्यांनीच घातलेली." तो कसनुसं हसला. "आणि मला कुठं कुणी विचारलं, बाई?"

माळ्याची बायको चुलीकडे तोंड करून उभी होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाईंचा चेहरा गरम झाला. मुलांना त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं, आधी विचारा, मग बोला. आणि स्वतः मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला!

"पट्ट्या छान बांधल्यात," काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या.

"डॉक्टरसाहेबांनी. धूर बघून पळत आले पुढच्या होलवरून. देवमाणूस. रोज घरी येऊन बदलतात."

"त्या सकाळी सातव्यावर होतं कोण?"

"आगीच्या आधी ते तिघंच. डॉक्टर, वकील आणि बिल्डर. हां, आणि तुम्ही मुलांना घेऊन वाटेनं गेलात की. मी पलीकडं पाणी सोडत होतो."

बाई तशाच परत जळक्या जागेवर आल्या. काळा डाग नीट पाहिला तर हातपंख्यासारखा होता. शेडकडे रुंद, आणि उलट्या बाजूला निमुळता होत गेलेला. आग वाऱ्याबरोबर पसरत जाते, म्हणजे पंख्याची मूठ जिथे, तिथे ठिणगी पडली. बाई त्या मुठीकडे चालत गेल्या.

मूठ शेडजवळ नव्हतीच. ती होती खेळाडूंच्या दगडी बाकामागे. बाकाला उंच पाठ होती, आणि पाठीच्या अगदी मागे गवत मुळापर्यंत जळलं होतं. पुढच्या बाजूचं गवत जसंच्या तसं पिवळं होतं.

त्या बाकाजवळ त्या सकाळी फक्त तीन माणसं होती. तिघंही बाईंच्याच एका वर्गातली.

३

वकिलाच्या ऑफिसात पुस्तकं छतापर्यंत गेली होती आणि वकील त्यांच्यामागे लपल्यासारखा बसला होता. शाळेत तो प्रत्येक भांडणात दोन्ही बाजूंनी साक्ष द्यायचा.

"बाई, तुम्ही? फोन केला असता तर मीच आलो असतो."

"फोनवर तू खोटं बोलताना मला दिसला नसतास. सातव्यावर सिगारेट कोण ओढत होतं?"

"तसं पाहिलं तर, बंदी असताना कुणी ओढत होतं असं म्हणणं..."

"अरे, हे कोर्ट नाही."

वकिलाने चष्मा काढून पुसला. "बिल्डर. पण बाई, तो कुठं ओढत नाही? बंदी म्हणजे त्याला आमंत्रणच."

"मग फटका मारताना सिगारेट ठेवतो कुठं? तोंडात धरून कुणी मारत नाही. धूर डोळ्यात जातो."

"तेवढी अक्कल आहे त्याला. जमिनीवर ठेवत नाही, गवतावर औषध मारलेलं असतं, तेच परत ओठांना लागायचं. चेंडू ठेवायची लाकडी खुंटी असते ना, टी, तीच एक बाजूला खोचतो आणि तिच्यावर आडवी ठेवतो. सगळे ओढणारे तसंच करतात." वकील थोडा खुलला. "त्या दिवशी मात्र गंमत झाली. फटका मारून झाला, हा वळला आणि म्हणाला, 'माझी सिगारेट कुठंय?' मग दुसरीच पेटवली."

"पहिली सापडली नाही?"

वकिलाच्या लक्षात आलं, की आपण जास्त बोललो. त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मी काही बघितलं नाही. मी पलीकडे ट्रॉलीजवळ होतो, बाकापासून लांब. गुडघे दुखतात म्हणून छत्रीच्या सावलीत उभा होतो."

"काही बघितलं नाहीस, की काही बघायचं नव्हतं?"

साऱ्या शहराला बोलून गप्प करणारा तो माणूस टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ करत राहिला.

४

बिल्डर अर्धवट बांधलेल्या इमारतीखाली खुर्ची टाकून बसला होता. शाळेत त्याला सगळे भोपळ्या म्हणत, गणितात मिळायचे त्या गुणांवरून आणि अंगावरूनही. बाईंना बघताच त्याने हातातली सिगारेट वाळूत खुपसली आणि उठून उभा राहिला.

"बस रे. मी काही छडी आणलेली नाही."

"तुमचा भरवसा नाही, बाई." त्याने त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. "खेळ कसा चाललाय म्हणून विचारायला आलात? आमचा वकील आडवा मारतो, मी जोरात मारतो, आणि डॉक्टर हिशेबात मारतो. तुमचा मॉनिटर ना तो! फाटेपर्यंत एकच ग्लोव्ह वापरणारा माणूस. त्यानं परवा नवा कोरा घेतला, तेव्हा मी म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला." तो मोठ्याने हसला. बाई हसल्या नाहीत, तसा त्याचा आवाज बसला.

"आग कशी लागली?"

हसू पुसल्यासारखं गेलं.

"माझ्यामुळं," बिल्डर म्हणाला. "माझीच सिगारेट. टीवर ठेवली होती, वाऱ्यानं लोळत गेली असणार. लिहून देतो हवं तर."

"बैठकीत का नाही बोललास? माळ्याचं घर जात होतं तेव्हा?"

त्याने मान खाली घातली. एवढा धिप्पाड माणूस, पण मान खाली घालायची त्याची पद्धत सातवीतली होती.

"आता बोलतोय ना."

"आता बोलतोयस, कारण मी विचारतेय. आणि तेही खोटं." बाईंचा आवाज चढला नाही. फळ्यावर गणित सोडवावं तसं त्या बोलत होत्या. "त्या बाकाला दगडी पाठ आहे. वाऱ्यानं लोळत आलेली सिगारेट बाकापुढं अडली असती. आग लागली पाठीमागं. तिथं ती कुणीतरी हातानं टाकली. आणि तू तेव्हा फटका मारत होतास. तुझे दोन्ही हात काठीवर."

बिल्डरने हात जोडले.

"बाई, पोलीस आणा, दंड घ्या, काय वाटेल ते करा, पण माझ्यावर थांबा. माझे वडील गेले तेव्हा शेवटपर्यंत एकच माणूस त्यांच्या उशाशी बसून होता. पुढं विचारू नका."

बाईंना आता विचारण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

५

घरी येऊन बाईंनी दिवा न लावता चहा केला आणि तो तसाच ओट्यावर राहिला.

बिल्डर काठी घेऊन चेंडूवर. वकील पलीकडे ट्रॉलीजवळ. बाकापाशी उरले डॉक्टर. पण डॉक्टर ओढत नाहीत. मग त्यांच्या हातात सिगारेट कशी येईल? एकाच मार्गाने. 'जरा धर रे' म्हणून मित्राने फटका मारण्यापुरती हातात दिली तर.

धरली, ठीक. फटका झाल्यावर परत का नाही दिली? आणि बंदीचा ठराव मांडणारा शहाणा माणूस वाळलेल्या गवतात ती टाकेल कशाला?

कुणीतरी येताना दिसलं म्हणून.

कोण? त्या वेळी वाटेवर कोण होतं?

बाईंनी डोळे मिटले आणि ती सकाळ त्यांना स्वच्छ दिसली. पुढे त्या, मागे मुलांची रांग. बिल्डर काठी उगारून. आणि बाकाजवळ उभे असलेले डॉक्टर, उजव्या हाताने टोपी उचलून "नमस्कार, बाई" म्हणणारे. डावा हात पाठीमागे. तेव्हा त्यांना केवढं बरं वाटलं होतं! 'बघा मुलांनो, मोठं झालं तरी रीत विसरायची नाही,' असं त्या मुलांना म्हणाल्याही होत्या.

उजव्या हाताने गोल्फ खेळणारा माणूस हातमोजा, म्हणजे ग्लोव्ह, घालतो तो एकाच हातात. डाव्या.

बाईंनी ओढणी गळ्याभोवती घेतली आणि दवाखाना गाठला. शेवटचा पेशंट नुकताच गेला होता. भिंतीवर काळ्या फुप्फुसाचं चित्र होतं. डॉक्टरांनी बाईंना पाहिलं आणि ते उठून उभे राहिले.

"दमा वाढला का, बाई?"

"तुझा जुना ग्लोव्ह दाखव, मॉनिटर."

डॉक्टरांनी 'कोणता' असं विचारलं नाही. त्यांनी खालचा कप्पा उघडला आणि मळका पांढरा हातमोजा टेबलावर ठेवला. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, काळ्या कडेचं एक गोल भोक होतं.

"फेकून का नाही दिलास?"

"फेकायला गेलो की हात चालत नाही." ते खुर्चीत बसले. "त्यानं धरायला दिली. त्याच्याकडची जास्तीची टी त्या सकाळी मोडली होती. आणि वळणावर तुम्ही दिसलात, मागं मुलं. मी ठराव मांडलेला माणूस, आणि माझ्या हातात जळती सिगारेट! हात आपोआप पाठीमागं गेला. मुठीत चुरगाळली. चामड्यातून जरासा चटका बसला, मला वाटलं विझली. तुम्ही बघत होतात, म्हणून बाकाच्या पाठीवरून मागं सोडून दिली."

"मित्रांना कळलं?"

"त्यानं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, बाई येत होत्या, विझवून टाकली. हसलो आम्ही. धूर दिसल्यावर कुणी हसलं नाही. आणि कुणी काही बोललंही नाही." त्यांनी चेहरा ओंजळीत झाकला. "मी त्याचे हात बांधत होतो, बाई. कातडी निघून आली होती. आणि तो म्हणत होता, तुमचे उपकार कसे फेडू. रोज म्हणतो. मी रोज ऐकून घेतो."

दवाखान्यात औषधांचा उग्र वास भरला होता. बाईंना रागवायचं होतं. शब्द तयार होते. पण आयुष्य निम्म्याहून पुढे गेलेल्या या माणसाला आगीपेक्षा आपली भीती जास्त वाटली, ही गोष्ट बाईंना जास्त बोचली. हात पाठीमागे घ्यायला त्याला शिकवलं कुणी?

"ऊठ," त्या म्हणाल्या. "आपण दोघं जाऊ. तुझ्याइतकंच मलाही सांगायचंय."

६

माळ्याच्या खोलीत डॉक्टर जमिनीवर बसले. खाटेवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. मग बाईंनी आपलं सांगितलं.

माळ्याने पट्ट्या बांधलेले हात मागे ओढून घेतले.

"उद्यापासून पट्टी दुसऱ्या डॉक्टरकडून बदलून घेईन," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली. याहून मोठी शिवी त्यांना कुणी देऊ शकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. डॉक्टर उभे राहून बोलले. त्यांच्यामागून बिल्डर उठला, मग नाइलाजाने वकीलही. माळ्याला काढायचा ठराव मागे घेतला, खोली राहिली, सेक्रेटरींनी खेद व्यक्त केला. माळ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाफे नव्यानं लावायला हवेत. रोज पाणी लागेल. मला अजून पाइप धरता येत नाही."

"मी धरीन," डॉक्टर म्हणाले. माळी हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

सगळे उठले, तशा बाई माळ्याजवळ गेल्या.

"आणि माझं काय, माळीदादा? मलाही काहीतरी सांगा."

"तुम्हाला काय सांगणार, बाई? तुम्ही मोठ्या."

तो खरंच तसं मानत होता. बाईंना ते सोसेना. तेवढ्यात दाराशी उभी असलेली माळ्याची बायको पुढे आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच बाईंशी बोलली.

"मी सांगते. तुम्ही इथं चार मोठ्या माणसांत बोललात, झालं. आमची पोरगी शाळेत जाते, तुमच्याच शाळेत. तिथं तिला आगलाव्याची म्हणतात. ती आता शाळेत जायला नको म्हणते. मोठ्या बाईंनीच सांगितलं म्हटल्यावर कोण खोटं मानेल? तिथं जाऊन सांगा."

"जाते," बाई म्हणाल्या.

शाळेचा जिना त्या हजारदा चढल्या असतील, पण त्या सकाळी कठडा धरावा लागला. वर्गातल्या तरुण शिक्षिकेने लगबगीने खुर्ची पुढे केली. पोरं खडबडून उभी राहिली. शेवटच्या बाकावर आईच्या धाकाने आलेली माळ्याची मुलगी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"बसा, मुलांनो," बाई म्हणाल्या. "मी उभीच राहते."

मग त्यांनी सांगितलं. गवत कसं जळालं, ते माळ्याने कसं जाळलं नव्हतं, उलट त्यानेच कसं विझवलं, विझवताना त्याचे हात कसे भाजले. आणि आपण बैठकीत काय बोललो, तेही शब्दाला शब्द.

पहिल्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीने हात वर केला.

"बाई, मग तुम्ही आधी त्यांनाच का नाही विचारलं?"

शिक्षिकेने डोळे वटारले. बाईंनी तिला हातानेच थांबवलं. उत्तर सोपं होतं, आणि ते इतक्या लोकांपुढे द्यायची लाज वाटत होती. तरी त्यांनी शेवटच्या बाकाकडे बघतच ते दिलं.

"तो माळी होता ना, बाळ. विचारावं असं मला वाटलंच नाही."